मसाज कँडल घरी करायची तर आधी आपला उन्हाळा मोजा

मसाज कँडल म्हणजे काय, तर पेटवायची, पंधरा-वीस मिनिटं जळू द्यायची, विझवायची, आणि वितळून जे कोमट तेल जमा झालंय ते अंगाला चोळायचं. दिसायला मेणबत्ती पण काम सगळं तेलाचं. आपल्याकडं कुणालाही हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, तेलच लावायचंय ना मग वाटीत घेऊन गॅसवर कोमट का नाही करायचं? प्रश्न एकदम बरोबर आहे आणि खरं सांगायचं तर दुखणाऱ्या गुडघ्याला दोन्हीत काडीचा फरक पडत नाही. कँडलचा फायदा एवढाच की वास छान येतो, तेल बराच वेळ कोमट राहतं, डबीत घट्ट असल्यामुळं बॅगेत सांडत नाही आणि कुणाला द्यायला बरी दिसते. यापेक्षा जास्त काही कोणी सांगत असेल, विष बाहेर काढते वगैरे, तर ऐकून सोडून द्या.

पण करायची म्हणलं तर हे प्रकरण वाटतं तेवढं सोपं नाही, आणि लातूर-परभणी-बीडकडं तर नाहीच. इंटरनेटवरच्या बहुतेक रेसिपी थंड देशातल्या असतात जिथं घरात वीस-बावीस अंश असतंय. तिथं कँडलला एकच परीक्षा द्यायची असते, अंगावर भाजू नये. आपल्याकडं दोन. मे महिन्यात बाहेर ४२-४३ आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, तिथं ती नुसती ठेवल्या ठेवल्या पातळ होऊ नये, आणि पेटवल्यावर जे तेल होईल ते कातडीला सोसवेल एवढंच गरम असावं. या दोन्हीच्या मधे जेमतेम पाच-सात अंशांची जागा उरते. सगळा खेळ त्या पाच-सात अंशांत बसवायचा आहे, बाकी डबी कुठली, रंग कुठला हे नंतरचं.

आधी भाजण्याचं बघू. साधी मेणबत्ती पॅराफिनची, ते मेण ५० च्या खाली क्वचितच वितळतं, बऱ्याच मेणबत्त्यांचं ५५ ते ६५ च्या मधे. म्हणजे पातळ झालेलं मेण कमीत कमी तेवढं गरम असणारच, आणि वातीजवळ त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त. आता कातडीचा हिशोब बघा. ६० अंशाचं पाणी साधारण पाच सेकंदात खोल भाजतं, ५५ चं अर्ध्या मिनिटात, ५० ला पाचेक मिनिटं लागतात, आणि ४४ च्या आसपास आलं की सहा तास सतत लागलं तरच इजा. बघा, दहा अंश खाली आलं की सेकंदाची मिनिटं होतात. तेल त्याच तापमानाच्या पाण्यापेक्षा जरा कमी चटका देतं, कारण तेलात उष्णता कमी साठते आणि ती कातडीत हळू जाते, पण तेल चिकटून बसतं, पाण्यासारखं ओघळून जात नाही, म्हणून त्या भरवशावर राहू नका. ओतताना ४२ ते ४६ च्या मधे असलं की उबदार लागतं आणि धोका राहत नाही.

इथं कुणीतरी म्हणेल, फिजिओथेरपीवाले तर हात पॅराफिनच्याच मेणात बुडवतात की. बुडवतात, वॅक्स बाथ म्हणतात त्याला, संधिवाताच्या बोटांसाठी. पण त्या मेणात सहा-सात भागाला एक भाग लिक्विड पॅराफिन म्हणजे पातळ तेल मिसळलेलं असतं, त्यानं मेण कमी तापमानाला वितळतं, आणि मशीनला थर्मोस्टॅट असतो जो ते ५० ते ५४ च्या आसपास धरून ठेवतो. शिवाय हात घातला की पहिला थर कातडीवर लगेच गोठतो आणि पुढची उष्णता अडवतो. आपल्याला घ्यायची ती त्यातली एकच गोष्ट, की मेणात तेल मिसळलं की ते लवकर वितळतं. मसाज कँडल सगळी या एका गोष्टीवर उभी आहे.

आता वितळण्याचं जरा नीट समजून घ्या कारण पुढं वापरताना हेच कामाला येतं. ग्लासात बर्फ आणि पाणी असलं की बर्फ संपेपर्यंत पाणी थंडगारच राहतं, ऊन कितीही असू दे, कारण येणारी सगळी उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते. कँडलमधे तसंच चालू असतंय. डबीच्या कडेला अजून घट्ट मेण शिल्लक आहे तोपर्यंत तेलाचं तापमान फार वर पळत नाही, ज्योतीजवळची जागा सोडून. पण सगळंच पातळ झालं की मग खर्च करायला काही उरत नाही आणि तापमान भराभर चढतं. म्हणून सगळी डबी पातळ होईपर्यंत मसाज कँडल जाळायची नाही, कडेला घट्ट भाग राहिला पाहिजे. वितळण्याचं तापमान कमी आहे म्हणून भाजणार नाही असं जे लिहिलेलं असतं ना पाकिटावर, ते फक्त या अटीवर खरं आहे.

मग घालायचं काय काय. घट्टपणासाठी सोया वॅक्स. हे ऐकायला फार परदेशी वाटतं पण ते सोयाबीनचंच तेल आहे, त्यात हायड्रोजन घालून घट्ट केलेलं, डालडा ज्या पद्धतीनं करतात तीच पद्धत पण जास्त पुढं नेलेली. गंमत अशी की सोयाबीन आपल्या रानातलं, लातूरच्या अडतीवर त्याचे ढीग लागतात, आणि वॅक्सचे फ्लेक्स मात्र ऑनलाइन मागवायचे. डबीत ओतायचं, कंटेनर वॅक्स म्हणतात ते, ४५ ते ५० च्या दरम्यान वितळतं. उभ्या मेणबत्तीचं पिलर वॅक्स त्याहून कडक असतंय. मागवताना कुठलं आहे ते विचारूनच घ्या कारण पाकिटावर दोन्हीला सोया वॅक्सच लिहिलेलं असतं. डालडा मात्र वापरू नका, तो एवढा मऊ असतो की आपल्या मार्चमधेच बसतो.

दुसरा भाग बटरचा, म्हणजे बियांतून निघणाऱ्या घट्ट तेलाचा. शिया बटर सगळीकडं सांगतात, ते ३५ च्या आसपासच वितळतं म्हणजे आपल्याकडं उन्हाळाभर पातळच. माझं मत विचाराल तर कोकम बटर घ्या. कोकणातल्या कोकमाच्या बियांचं असतं ते, चाळीसच्या आसपास वितळतं, वास जवळपास नाही आणि लावल्यावर शियासारखं चिकट लागत नाही. खोबरेल तेल या घट्ट भागात धरूच नका, ते २४-२५ लाच वितळतं, म्हणजे आपल्याकडं ते डिसेंबर-जानेवारीपुरतंच घट्ट.

तिसरा भाग पातळ तेल. इथं आपल्याकडं करडीचं तेल चटकन हाताशी येतं, मराठवाडा करडीचा मुलूखच, परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी कुसुम नावाची जातच काढलेली आहे. तेल हलकं, कातडीत लवकर मुरतं, मालिशला चांगलं. पण त्यातलं लिनोलेइक ॲसिड खूप, आणि असं तेल हवा आणि उष्णता लागली की लवकर खवट होतं. मेणबत्तीत ते दर वेळी तापणार, म्हणजे अजून लवकर. म्हणून नुसत्या करडीपेक्षा अर्धं तिळाचं घाला, तिळाच्या तेलात स्वतःचीच खवट न होऊ देणारी द्रव्यं असतात, आपले जुने लोक अभ्यंगाला तीळ घ्यायचे ते काही उगाच नाही. घाण्याचं तेल असेल तर दोन-चार दिवस स्थिर ठेवून वरचं निथळून, फडक्यातून गाळून घ्या. गाळ वातीत अडकला की ज्योत मरते आणि पाण्याचा अंश राहिला की तडतडतं. शेंगदाण्याचं तेल स्वतःसाठी ठीक, दुसऱ्याला द्यायची असेल तर नको, काही जणांना शेंगदाण्याची ॲलर्जी असते. एरंडेल चिकट. बदाम तेल चालतं पण महाग पडतं आणि फार काही वेगळं देत नाही.

प्रमाण वजनात धरा, चमच्यात नाही. १०० ग्रॅमसाठी सोया कंटेनर वॅक्स ५०, कोकम बटर २२, पातळ तेल २६, व्हिटॅमिन ई तेल १ आणि सुवासाचं तेल १ ग्रॅम. व्हिटॅमिन ई म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह नव्हे बरं का, ते फक्त तेल खवट व्हायचं लांबवतं. यात पाणी अजिबात नाही म्हणून बुरशीचं टेन्शनही नाही, पण म्हणूनच कोरफडीचा गर, गुलाबपाणी, दूध, मध असलं काहीही घालायचं नाही, वात जळणार नाही आणि माल नासेल ते वेगळंच. हळद-चंदनाची पूड पण नको, तळाला बसते आणि वात चोंदते. मेणबत्तीच्या रंगाच्या गोळ्या कातडीसाठी नसतात, मसाज कँडलला रंगच नको.

हे प्रमाण दिवाळी ते होळी छान चालतं. उन्हाळ्यासाठी बदलावं लागतं, तेल पाचेक ग्रॅम कमी करून तेवढं मधमाशीचं मेण घाला. ते ६२-६४ ला वितळतं त्यामुळं थोडंसं घातलं तरी सगळं मिश्रण कडक होतं, दहाच्या वर गेलात तर मात्र तेल लावताना मेण ओढल्यासारखं लागतं आणि वितळण्याचं तापमानही वर सरकतं. म्हणजे आपलीच पाच-सात अंशांची जागा आपणच खाऊन टाकतो. तर मोठी डबी ओतायच्या आधी छोट्या वाटीत वीस ग्रॅम करून बघा आणि ती वाटी भर दुपारी घरातल्या सगळ्यात गरम खोलीत ठेवा. बोटानं दाबल्यावर मऊ लागली तर चालेल, वाटी तिरपी केल्यावर वाहिली तर मेण वाढवा. मग तीच वाटी गरम पाण्यात धरून थर्मामीटर घाला आणि पूर्ण पातळ कितीला होते बघा, ५० च्या आत झाली पाहिजे. तेल-चरबीची मिश्रणं बर्फासारखी एका ठरावीक अंशाला वितळत नाहीत, आधी मऊ, मग पाणीदार मऊ, मग पातळ असं लांबत जातं, म्हणून या दोन्ही चाचण्या लागतात, एकीनं भागत नाही.

करायची पद्धत सोपी आहे. मोठ्या भगुन्यात पाणी, त्यात दुसरं छोटं भगुनं, थेट गॅसवर मेण ठेवायचं नाही. आधी मेण, मग बटर, शेवटी तेल. सगळं पातळ झालं की उतरवा आणि ५०-५५ पर्यंत येऊ द्या, मग व्हिटॅमिन ई आणि सुवासाचं तेल घाला, उकळत्यात घातलं तर वास उडून जातो. हळूहळू मिनिटभर ढवळा, ४५-५० ला ओता आणि एक दिवस हलवू नका. वातीजवळ खड्डा पडला किंवा वर पांढरी नक्षी आली तर काही बिघडलेलं नाही, सोया वॅक्स असंच वागतं. आणि कधी पेट घेतलाच तर गॅस बंद करून वरून झाकण ठेवा, पाणी ओतू नका, पेटत्या तेलावर पाणी टाकलं की भडका छताला जातो.

वातीबद्दल थोडं. देवाची फुलवात किंवा समईची वात इथं चालत नाही, समईत वात काठावर आडवी पडून जळते पण कँडलमधे तिला तेलाच्या मधोमध उभं राहायचंय, पिळाची वात मऊ पडून आडवी होते आणि डबीच्या कडेला टेकली की तिथं भलतंच गरम होतं. विणलेली कॉटनची वात घ्या, खाली धातूची चकती असलेली, मधे तार नको. जाडी डबीच्या रुंदीवर ठरते. पाचेक सेंटिमीटरची डबी तासाभरात जवळजवळ काठापर्यंत वितळली आणि ज्योत दोन-अडीच सेंटिमीटरच्या आत राहिली तर वात बरोबर, धूर-काजळी आली तर जाड आहे, मधेच बीळ पडून ज्योत बुडाली तर बारीक. दर वेळी पेटवायच्या आधी अर्धा सेंटिमीटर ठेवून कापायची. कापलेलं टोक आणि काडीपेटीची काडी डबीत पडू देऊ नका, ते अंगाला लागणार आहे शेवटी.

आता वास. लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथं. बाजारात कँडल सेंट मिळतात, साध्या मेणबत्तीत सहा ते दहा टक्के घाला म्हणतात. ते हवेत जाण्यासाठी आहेत, कातडीसाठी नाहीत. सुवासाच्या धंद्यात इफ्रा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, ती सुवासातल्या घटकांसाठी वापर बघून मर्यादा ठरवते, मेणबत्ती तिच्या वर्ग १२ मधे आणि अंगाला हातानं लावायच्या गोष्टी वर्ग ५ए मधे. एकाच बाटलीची वर्ग १२ ची मर्यादा शंभर टक्के आणि ५ए ची एक टक्कासुद्धा असू शकते. मसाज कँडल दिसायला मेणबत्ती असली तरी हिशोब ५ए चा. विकणाऱ्याला इफ्रा सर्टिफिकेट मागा आणि ५ए समोरचा आकडा बघा, देत नसेल तर ते सेंट मेणबत्तीलाच ठेवा. अगरबत्तीचा सेंट नाही, कपड्यावर मारायचा परफ्यूम तर नाहीच, त्यात अल्कोहोल असतंय, मेणात मिसळतही नाही आणि पेट घेतं.

मग नॅचरल इसेन्शियल ऑइल, म्हणजे झाडापानांतून काढलेलं सुवासिक तेल घालू म्हणाल, तर नॅचरल म्हणजे बिनधोक हे डोक्यातून काढा. दालचिनीच्या सालीचं तेल कातडीवर ०.०७ टक्क्यापर्यंतच सुरक्षित धरतात, म्हणजे शंभर ग्रॅमला दोन थेंबही जास्त होतात. लवंगेचं अर्धा टक्का. गवती चहाचं ०.७. लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल किंवा बर्गमॉट या लिंबाच्याच कुळातल्या फळाचं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात, आणि आपलं ऊन काय सांगावं. संत्र्याचं त्या मानानं चालतं, लॅव्हेंडर चालतं. सगळं मिळून एक टक्का, म्हणजे शंभर ग्रॅमला वीस-पंचवीस थेंब, यावर जायची गरज नाही. वास कमी येतोय वाटेल, पण नाकाजवळच तर आहे. कापूर खोबरेलात घालायची सवय आपल्याकडं आहे, ती इथं आणू नका, कापूर पेट घेणारा आणि लहान लेकरांना तर धोक्याचा.

वापरायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस बघा. लाल झालं, खाजलं तर संपला विषय. पेटवताना कूलर-पंखा बंद लागतो, नाहीतर ज्योत एका बाजूला झुकून काजळी धरते, आणि मे महिन्यात कूलर बंद करून मालिश करून घ्यायची हौस कुणाला असेल असं वाटत नाही, म्हणून मी याला आपल्याकडची हिवाळ्याचीच गोष्ट समजते, दिवाळीच्या अभ्यंगापासून संक्रांतीपर्यंतची. जळती कँडल कधीही अंगावर ओतायची नाही. पदर, ओढणी, मोकळे केस लांब ठेवायचे, विझवायची, दोन-तीन मिनिटं थांबायचं, डबी जरा फिरवली की वातीजवळचं गरम तेल बाकीच्यात मिसळतं, मग आधी स्वतःच्या मनगटाच्या आत थेंब. सोसला तर हातावर घेऊन चोळा, थेट पाठीवर धार नको. काचेचा ग्लास तडकू शकतो, स्टीलच्या वाटीचा काठ चटका देतो, म्हणून चोच असलेलं चिनी मातीचं छोटं भांडं सगळ्यात बरं.

तान्ह्या लेकराच्या मालिशला हे नाही, वास असलेलं तर मुळीच नाही. शुगरमुळं पायाला बधिरपणा आलाय अशा माणसाला पायावर नको, गरम किती आहे ते त्यांना कळतच नाही. जखम, खरूज, नायटा, भाजलेली जागा सोडून द्यायची, गरोदर बाईनं डॉक्टरला विचारून.

बचत गटाच्या बायका विचारतात, करून विकली तर? साधी मेणबत्ती विकणं वेगळं आणि ही वेगळी. अंगाला लावायची म्हणली की ती कॉस्मेटिकमधे येते आणि कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणं बनवून विकायला राज्याच्या एफडीएचं म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचं लायसन लागतं, लेबलवर घटक, बॅच नंबर, कधीपर्यंत वापरायची हे सगळं लागतं. घरात, पाहुण्यात वाटायची तर प्रश्न नाही, पण त्यांनाही आत काय-काय आहे ती चिठ्ठी लावून द्या.

ठेवायची झाकण लावून, सरळ उभी, उन्हापासून लांब. उन्हाळ्यात पातळ झालीच तरी वाया जात नाही, गार झाली की परत जमते, वात सरळ आहे ना तेवढं बघा. तीन-चार महिन्यांत संपवा, खवट वास आला की अंगाला नको. तेलकट टॉवेल गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, करडीसारख्या तेलानं भिजलेलं कापड ढिगात आतून तापतं आणि कधी कधी पेटतंसुद्धा, पसरून वाळवा नाहीतर लगेच गरम पाण्यात धुण्याच्या सोड्यानं धुवा. आणि डबीत शेवटचा सेंटिमीटरभर राहिला की पेटवणं बंद, तळ तापतो. उरलेलं असतं ते डबी गरम पाण्यात ठेवली की पातळ होतं, तेवढं रात्री टाचेच्या भेगांना लावून वर मोजे घाला.